श्रमदान, डार्लिंग्टन

बिल्ल्यावर माझं नाव 'व्ही' एवढंच उरलंय.
वैजयंता लिहायला जागा होती,
पण मागे रांग होती, आणि टेबलावरच्या मुलीने
इतक्या प्रेमाने विचारलं, "सोपं काही आहे का?"

शुक्रवार. ईशान्य इंग्लंडातल्या कचेऱ्यांमधून आलेली माणसं
क्रिकेट क्लबच्या हॉलमध्ये:
करवाले, पेन्शनवाले, पासपोर्टवाले, तुरुंगवाले,
नदी कधी फुगेल ते कळवणारे.
हातात कागदी कप, आणि चेहऱ्यावर
बदलीच्या गावी पहिल्या दिवशी असतो तो भाव.

शिकवायला आलेल्या बाईंनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही.
म्हणाल्या, "नाव नको, हुद्दा नको.
काल कुणाला 'नाही' म्हणालात, तेवढं सांगा."

खुर्च्या करकरल्या.
मग ग्लेनिस रेन, डरहॅमच्या तुरुंगातली, म्हणाली,
एकाला जास्तीचा फोन. काल त्याची मुलगी सात वर्षांची झाली.
टेमिटोपे म्हणाला, एका बाळाला पासपोर्ट.
फोटोत आईच्या बोटांची सावली पडली होती.
हेपल नावाचा उंच माणूस बराच वेळ कप फिरवत राहिला:
एका गल्लीला. पुराच्या भिंतीचे पैसे
तिच्या अलीकडेच संपतात.
मी म्हणाले, एका विधवेला.
अर्ज मुदतीनंतर तीन दिवसांनी आला.
हे नाही सांगितलं, की अर्जासोबत तिने
उत्तरासाठी तिकीट लावलेलं पाकीटही धाडलं होतं.

दुपारी गमबूट, फावडी.
स्कर्न नदीच्या काठी, शाळेच्या मुलांसाठी
उतारावर सात पायऱ्या करायच्या.
या कामाला वर्षात तीन दिवस भरपगारी रजा,
ऑफिसच्या भाषेत तिचं नाव लांबलचक.
मी मनात म्हणते, श्रमदान.

वडील तासगावच्या पंचायत समितीत
आवक-जावक सांभाळायचे.
दोन ऑक्टोबरला साहेब यायचे, घमेलं उचलायचे.
"साहेब, अजून एकदा," फोटोग्राफर म्हणायचा,
आणि रिकामंच घमेलं पुन्हा वर जायचं.
जीप गेली की शिपाई, ग्रामसेवक, सगळे पांगायचे.
वडील अंधार पडेपर्यंत चर खणायचे.
आई चिडायची, "कुणी बघत होतं का?"
"हजेरीवर सही केलीय ना मी," एवढंच म्हणून
पाय धुवायला परसात जायचे.

इथेही फोटो झाला. मीही हसले त्यात.
आणि इथेही अर्धेअधिक निघाले,
पार्किंगची वेळ संपत आली म्हणून.

उरलो चौघं. चिखल असा
की बुटांवरून खातं ओळखू येईना.
ग्लेनिस फळी धरत होती, टेमिटोपे खुंट्या ठोकत होता,
हेपलने विती टाकून उतार मोजला,
मला म्हणाला, "अजून दोन बोटं खोल जा.
पाणी इथूनच येतं. ओळखतो मी त्याला."
वाया गेलेल्या चुलत्याबद्दल बोलावं तसं.

फळी धरल्या धरल्या ग्लेनिसने विचारलं,
"त्या बाईला तीन दिवस उशीर का झाला?"

माझं फावडं थांबलं. अकरा वर्षं झाली,
कुठल्याच फॉर्मवर हा प्रश्न नव्हता.
"माहीत नाही."
"विचारता येतं?"
"येत असावं. चौथ्या मजल्यावर
असल्या अर्जांसाठी कुणीतरी बसतं म्हणतात."

रजेच्या नोंदीत शेवटी एक चौकट: आज काय शिकलात?
मी लिहिलं, खुंटी तिरकी ठोकायची.

सोमवारी पाऊस. अकराला फोन:
"हेपल बोलतोय. रात्री नदी चढली.
सहा पायऱ्या शाबूत, एक गेली."
"कुठली?"
तो नुसताच हसला.
म्हणजे माझीच.

फोन ठेवला. ड्रॉवरमधून तिचं पाकीट काढलं,
तिकीट अजून घट्ट चिकटलेलं,
आणि जिना चढू लागले.
लिफ्ट चालू होती.